काच अर्धी सोडायची नाही

पनवेलला टपाल नाक्याच्या मागे एका तीन मजली इमारतीत टिपणीस राहत. त्यांची सुमती नेमकं काय काम करते हे अख्ख्या आळीत कुणाला धड सांगता यायचं नाही. कुणी म्हणे काचेच्या कारखान्यात आहे. कुणी म्हणे दुर्बिणीतून तारे बघते आणि सरकार त्याचा पगार देतं. दोन्ही चूक, आणि दोन्हींत थोडं थोडं तथ्य. तारे सुमतीनं बघितले असतील तर तुम्ही-आम्ही बघतो तेवढेच, गच्चीवरचे कपडे काढायला उशीर झाला तर. एरवी ती दिवसभर एका अंधाऱ्या खोलीत बसायची, आणि तिच्यासमोर असायची बोटभर रुंद, वीतभर लांब अशी एक काच.

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत ती मोजणीचं काम करायची. सकाळी नाक्यावर ऑफिसची बस यायची, कळंबोली, वाशीचा पूल करत तिला तिकडं नेऊन टाकायची आणि संध्याकाळी परत आणून सोडायची. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींतून काढलेले प्रकाशाचे फोटो तिथं काचांवर यायचे. फोटो म्हणजे चेहरा ना मोहरा. करड्या रंगाचा एक पट्टा आणि त्यावर उभ्या रेघा. त्या रेघा सुमतीनं मोजायच्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, हातातला स्क्रू हळूहळू फिरवायचा, आतली बारीक तार रेघेच्या बरोबर मधोमध आणायची आणि आकडा लिहायचा. मग पुढची रेघ. सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण तिला हे काम मनापासून आवडायचं.

मोजून मिळतं काय, हे तिला तिथल्या अविनाश सरांनी पहिल्याच आठवड्यात चहाच्या टेबलावर समजावून सांगितलं होतं. विश्वाच्या पार त्या टोकाला काही दिवे आहेत. त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यसुद्धा नव्हता. वाटेत तो वायूच्या ढगांतून येतो. ढगात सिलिकॉन असलं की ते आपल्या आवडीचे दोन रंग गिळून ठेवतं, म्हणून पट्ट्यावर जोडीनं दोन रेघा उठतात. आता सिलिकॉन काही नवलाची चीज नाही, गाढी नदीच्या वाळूत तेच आहे. इथं प्रयोगशाळेत बघितलं तरी त्याची तीच जोडी दिसते. प्रश्न एवढाच की तेव्हाच्या जोडीतलं अंतर आणि आताच्या जोडीतलं अंतर एकाच प्रमाणात आहे का? येता येता प्रकाश ताणला जातो, पण तो सगळाच सारखा ताणला जातो, प्रमाणाला धक्का लागत नाही. प्रमाणच बिघडलेलं निघालं, तर अणूला बांधून ठेवणारा निसर्गाचा जो एक आकडा आहे, ज्याच्या जिवावर वीज, प्रकाश, आपली हाडं-मांसं सगळं उभं आहे, तोच तेव्हा वेगळा होता असं म्हणायची पाळी येईल. पुस्तकं त्याला स्थिरांक म्हणतात. पुस्तकं म्हणतात म्हणून तो स्थिर राहायला बांधलेला नाही, सर म्हणाले. कुणीतरी मोजून बघायला नको?

सुमतीनं हे सगळं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. कमलाकर पनवेललाच विम्याच्या ऑफिसात होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की, म्हणजे काहीच बदललं नाही हे बघायला तुम्ही इतकी माणसं रोज एवढी लांब जाता होय? आणि मग स्वतःच्याच विनोदावर खो खो हसत बसला. कमलाकर तसाच होता. हसायचा तर इमारतीला ऐकू जाईल असं, आणि रडायला त्याला निमित्तही लागायचं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मिताली फुलपाखरू झाली होती, तेव्हा तिला स्टेजवर बघून त्यानं रुमाल ओला केला होता. मिताली म्हणजे त्यांची एकुलती एक. नऊ वर्षांची. बापाचा खेळकरपणा आणि आईचं लक्ष, असं दोन्हीकडचं उचललेली पोर.

मोजणीच्या कामाचे दोन नियम होते. पहिला, मोजणाऱ्याला काच कुठली हे कळता कामा नये. आकाशातली, प्रयोगशाळेतली, सगळ्या काचा मिसळून त्यांची नावं कागदाच्या पट्टीखाली झाकून ठेवत. माहीत असलं की डोळा लबाडी करतो, हवं ते बघतो. दुसरा नियम म्हणजे प्रत्येक काच एकदा सुलटी मोजायची आणि मग फिरवून उलटी. कारण रेघेचा मध्य कुठं, हे प्रत्येकाच्या डोळ्याला जरा वेगळं दिसतं. कुणाची तार किंचित डावीकडे बसते, कुणाची उजवीकडे. त्याला तिथं ‘कल’ म्हणत. सुमतीचा कल उजवीकडे होता. दोन्ही बाजूंनी मोजलं की तो पकडता येतो आणि वजा करता येतो. पण सुलटी आणि उलटी मोजणी एकाच बैठकीत झाली पाहिजे. मध्ये फार वेळ गेला, खोलीतली हवा गरम-थंड झाली, की काचही फुगते, स्क्रूही फुगतो आणि सगळं मोजलेलं मातीमोल होतं. म्हणून तिथं एक वाक्य येता-जाता ऐकू यायचं, की काच अर्धी सोडायची नाही. भूक लागो, लघवी लागो, काच पुरी करूनच उठायचं. सुमतीच्या अंगात ते इतकं भिनलं होतं, की घरी भाजी निवडतानाही जुडी अर्धी टाकून ती उठत नसे.

एकोणनव्वद सालच्या श्रावणात मितालीला ताप आला. दोन दिवस नुसता ताप, मग डोळे पिवळे दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले कावीळ आहे, पथ्य पाळा, विश्रांती द्या. पनवेलात दर पावसाळ्यात शंभर पोरांना कावीळ होते आणि शंभरही उसाचा रस पिऊन उठून बसतात. सुमतीनं दोन दिवस रजा घेतली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोर बसून पत्ते खेळायला लागली, तेव्हा कमलाकर म्हणाला, तू जा, मी थांबतो घरी. आणि ती गेली.

दुपारी खालच्या दुकानातून कमलाकरचा फोन आला. मितालीच्या उलट्या थांबत नाहीयेत, दवाखान्यात नेतोय, तू निघ. सुमतीनं विचारलं, शुद्धीवर आहे ना? तो म्हणाला, आहे, तुला विचारतेय. सुमतीनं फोन ठेवला. खोलीत यंत्रावर काच चढलेली होती. सुलटी मोजून झाली होती, उलटीतल्या निम्म्या रेघा उरल्या होत्या.

ती परत जाऊन बसली. का बसली, हे पुढं तिला किती जणांनी विचारलं! ती स्वतः तर रोज विचारायची. उत्तर काही मोठं नव्हतं. पोरांच्या उलट्या होतात, थांबतात. बाप जवळ आहे, दवाखाना दोन मिनिटांवर आहे. आणि काच अर्धी आहे. त्या क्षणी तिला ते एवढंच दिसलं. तिनं उरलेल्या रेघा मोजल्या, काच उतरवून पेटीत ठेवली, पर्स घेतली आणि मग पळाली. चेंबूरहून मिळेल त्या गाडीनं पनवेल गाठलं. पोचली तेव्हा मितालीची शुद्ध गेली होती. पाऊण तास झाला, नर्स म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आटोपलं.

लिव्हरच बसलं होतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तुम्ही तासभर आधी येऊन काही झालं नसतं. एवढंच की तिनं तुम्हाला ओळखलं असतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी गिळलं असतं तर बरं झालं असतं. पण डॉक्टर माणूस, खरं बोलायची खोड.

सुमती रडली नाही. दवाखान्यात नाही, घाटावर नेताना नाही, दहा दिवसांत भेटायला आलेल्या बायका गळ्यात पडल्या तेव्हाही नाही. त्या रडायच्या आणि ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. कमलाकरची मात्र दैना झाली. तो भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा, मितालीचा फ्रॉक तोंडाला लावून हुंदके द्यायचा, चार माणसांनी धरलं तरी आवरायचा नाही. बघणाऱ्यांच्या काळजाचं पाणी व्हायचं. मग त्याच माणसांची नजर सुमतीकडे वळायची. ती चहाचे कप विसळत असायची.

सुतक फिटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीवाड्यातली गंगाबाई नेहमीसारखी दारावर आली. सुमतीनं नेहमीसारखे बोंबील घेतले, तळले आणि जेवायला बसली. झालं! कमलाकरची गोदूआत्या महाडहून येऊन राहिली होती, तिनं आळीभर डांगोरा पिटला. पोरीची राख थंड झाली नाही आणि आई बोंबील ओरपतेय. पोरीच्या उलट्या थांबत नाहीत असा निरोप आला तरी ही बाई काच मोजत बसली होती, ते काय उगीच? बाई नाही ती, दगड आहे. आत्याबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्या काही कुणी शत्रू नव्हेत. त्यांना खरंच तसं दिसत होतं. आणि वाईट हे, की सुमतीलाही तसंच दिसत होतं.

कारण तिला आत काही लागत नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. हिचं जळत असेल तर हिलाच पत्ता नव्हता. सकाळी उठायची, डबा भरायची, बस पकडायची. मितालीची वेणी घालायची वेळ झाली की हात एकदा कंगव्याकडे जायचा आणि परत यायचा, बस. त्यात दुःख नव्हतं, सवय होती. रात्री अंथरुणावर पडलं की झोपही लागायची. झोप लागते याचीही लाज वाटत नव्हती, हे तिला फार विचित्र वाटायचं. एकदा दारात मासळी निवडताना गंगाबाईनं तिचा चेहरा बघितला आणि टोपली सारून म्हणाली, “बाय, रडू येत नाय त नाय. आमी काय ठरवून रडतो का? तुमी जेवा.” एवढं बोलून ती गेली. पुढच्या सात महिन्यांत सुमतीला कुणी काही बरं बोललं असेल तर ते तेवढंच.

ऑफिसात मात्र तिचं काम कधी नव्हे इतकं नेटकं व्हायला लागलं. पूर्वी एकच रेघ पाच वेळा मोजली की आकडे थोडे मागेपुढे व्हायचे. आता पाचही आकडे एकावर एक बसायचे. बाकीचे मोजणारे म्हणजे संशोधन करणारी तरणी पोरं. त्यांना काहीतरी सापडायला हवं असायचं, निसर्गाचा आकडा बदललेला निघावा आणि आपलं नाव व्हावं, म्हणून त्यांचा हात आशेनं हलायचा. सुमतीला काहीच नको होतं. तिचा हात हलायचं कारण उरलं नव्हतं. अविनाश सर एकदा तिच्या आकड्यांवर नजर टाकून म्हणाले, टिपणीसबाई, असं काम मी बाहेरच्या देशांतही बघितलेलं नाही. ती बरं म्हणाली आणि पुढची काच चढवली.

घरी कमलाकर तिच्याशी भांडत नव्हता. भांडला असता तर बरं होतं. सुरुवातीला तो तिच्याजवळ येऊन बसायचा, मितालीची एखादी आठवण काढायचा आणि तिच्याकडे बघत राहायचा, आता हिचं धरण फुटेल या आशेनं. ती “हो ना” म्हणायची. मग त्याचं जवळ येणं कमी झालं. तो काचेचा तास त्यानं एकदाही तोंडातून काढला नाही, पण दोघांमध्ये जेवायच्या पाटासारखा तो रोज मांडलेला असायचा. डिसेंबरात त्यानं महाडला बदली मागितली. तिथं थोरल्या भावाचं घर होतं. मार्चमध्ये बदली आली, तेव्हा त्यानं तिला सांगितलं, आणि बरोबर चल असं म्हटलं नाही. सुमतीनं का म्हणून विचारलं. तेव्हा तो म्हणाला, “दोघांच्या वाटचं मी एकट्यानं किती रडायचं, सुमती? तुला काही झालंय असं एकदा तरी दिसू दे. नाहीतर मला इथं राहवत नाही.”

तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तो जाणार, हे तिला समजत होतं. तो गेला तर घरात कोणी उरणार नाही, हेही समजत होतं. पण समजण्याच्या पुढं काही जात नव्हतं. मिरची जिभेवर ठेवावी आणि तिखट लागू नये, तसं.

त्याच सुमारास अविनाश सरांनी तिला बोलावून घेतलं. बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग अडखळत सांगायला लागले. मोजणी संपत आली आहे, निकाल लिहायला घ्यायचाय. पण निम्म्या काचा तुम्ही श्रावणाच्या आधी मोजल्या आहेत आणि निम्म्या नंतर. मध्ये... मध्ये जे झालं ते झालं. आता बाहेरचे लोक विचारतील, की मोजणारी व्यक्ती आधी आणि नंतर तीच होती हे कशावरून? म्हणजे उलटसुलट मोजूनही जो थोडा कल उरतोच, तो बदलला नाही कशावरून? धक्क्यानं, आजारानं माणसाचा कल बदललेला आहे, जुन्या वेधशाळांत तसे दाखले आहेत. बदलला असेल तर दोन्ही निम्मे एकमेकांना जोडता येणार नाहीत, दोन वर्षांचं काम पाण्यात. म्हणून आधीची एक काच, कुठली ते तुम्हाला न सांगता, पुढच्या काचांत मिसळायची आणि पुन्हा मोजून घ्यायची, एवढंच. तुमची हरकत असेल तर राहू द्या, म्हणाले. सुमती म्हणाली, हरकत काय असायची?

पण बसमध्ये बसल्यावर, वाशीचा पूल आला तेव्हा, तिच्या मनात पहिल्यांदा काहीतरी हललं. कल बदलला असेल तर? लोक डोळ्यांत पाणी शोधतात, ते तिच्यापाशी नव्हतं. पण ते यंत्र डोळ्यांतलं पाणी बघत नाही. केसाच्या शंभराव्या भागाएवढा फरक असला तरी ते सांगतं. आत कुठंतरी काही मोडलं असेल, तिला न कळता मोडलं असेल, तर ते तिथं आकड्यात उमटेल. मग कमलाकरला सांगता येईल की बघा, आहे. हवं तर सरांना विचारा. सरांचं काम पाण्यात जाईल, हे तिला कळत होतं. तरीही तिला ते हवं होतं. सात महिन्यांत तिला हवीशी वाटलेली ही पहिली गोष्ट.

काचा आल्या. सगळ्यांवर नवे क्रमांक, नावं झाकलेली. पहिल्या चार-पाच सरळ गेल्या. त्यानंतरची काच तिनं यंत्रावर चढवली आणि डोळा लावला, तर डाव्या टोकाला धुताना राहिलेला एक वाकडा ओघळ. ती तशीच थांबली. ही काच तिला पाठ होती. अविनाश सरांनी मिताली जायच्या आधीची शेवटची पुरी झालेली काच निवडली होती. हिशेबानं तीच बरोबर होती. ती पुरी कशी झाली हे सरांना माहीत नव्हतं, कारण सुमतीनं ते ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. तारीख बघून त्यांना दोन आणि दोन जोडता आले असते, पण त्यांचं डोकं चालायचं ते आकाशापुरतं.

सुमतीनं सुलटी बाजू मोजली. मग काच फिरवली. रेघा एकेक करून तारेखाली येत गेल्या, आणि मग ती जोडी आली. फोन आला तेव्हा हिच्यापर्यंत ती पोचली होती. परत येऊन बसल्यावर पहिली रेघ मोजली ती हीच. ही मोजत असताना मिताली शुद्धीवर होती आणि आईला विचारत होती. सुमतीनं स्क्रूवर बोटं ठेवली आणि आतल्या आत हाताला म्हणाली, थरथर रे. एकदा थरथर.

हात थरथरला नाही. तार सावकाश सरकत आली आणि रेघेवर बसली, जिथं बसायची तिथंच. अजून एक वाट होती. उठून जायचं. काच अर्धी सोडायची, जी त्या दिवशी सोडायला हवी होती. ती खुर्चीत मागं रेलली, दाराकडे बघितलं. पण आता उठून कुणाकडे धावायचं? आकडा खोटा लिहिणं तर तिच्यानं झालं नसतं, आणि खोट्या फरकाचा तिला उपयोगही नव्हता. तिला खरा हवा होता. ती पुन्हा वाकली आणि उरलेल्या रेघा मोजल्या. सगळ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी अविनाश सर कागद हातात घेऊन स्वतः तिच्या खोलीत आले. चेहरा उजळलेला. दोन वर्षांचं ओझं उतरलेला माणूस. म्हणाले, “टिपणीसबाई, केसभरही फरक नाही. तुम्ही होतात तशाच आहात.” मग सगळ्यांसाठी चहा मागवला. मोठा निकालही त्यांनी तिथंच सांगून टाकला. सगळ्या काचा जोडल्यावर दिसतंय ते असं की, निसर्गाचा तो आकडा तेव्हा जो होता तोच आज आहे, निदान आपल्या मोजपट्टीला कळेल इतका तरी बदललेला नाही. पोरांचे चेहरे जरा उतरले, पण सर म्हणाले, अहो, न बदलणं हाही निकाल आहे. सुमती म्हणाली, बरं झालं सर. तिनं चहा घेतला. संध्याकाळच्या बसमध्ये खिडकीशी बसली. खाडीवर भरती होती, एवढं तिला आठवतं. तुम्ही होतात तशाच आहात, हे वाक्य ती पनवेल येईपर्यंत मनात म्हणत होती. गोदूआत्या म्हणाल्या तेव्हा ती आत्याबाईंची जीभ होती. आता यंत्रानंही तेच सांगितलं.

घरी आली तर दाराशी कमलाकरची मोठी बॅग भरून ठेवलेली. भाऊ बोलावत होता, हजर व्हायला अजून चार दिवस होते, पण तो त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघणार होता. चपला घालत होता. तिला बघून म्हणाला की दूध तापवून ठेवलंय.

सुमती चपला न काढता भिंतीला टेकून खाली बसली. तिनं सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना आवाज बाजारहाट सांगावा तसा सपाट होता. सरांनी परीक्षा घेतली. माणूस बदललं का, हे बघायची परीक्षा. एक जुनी काच पुन्हा मोजायला दिली. ती त्या दिवसाची निघाली. कमलाकरनं चपलेत घातलेला पाय तसाच राहिला. त्या दिवसाची म्हणजे? त्यानं विचारलं. तीच, ती म्हणाली. तुमचा फोन आला तेव्हा यंत्रावर होती ती. पुन्हा मोजली. सगळे आकडे तेच आले. केसभरही फरक नाही. सर खूष झाले.

कमलाकरच्या तोंडावर राग आला होता, तो तिला दिसला. ती पुढं म्हणाली, “मला नापास व्हायचं होतं हो.”

फरक आला असता तर काय झालं असतं, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं की सगळं काम वाया गेलं असतं. सरांची दोन वर्षं, तिची स्वतःची, पोरांची. आणि तरीही तुला फरक यायला हवा होता? त्यानं विचारलं. हो, ती म्हणाली. मी हाताला सांगत होते. हातानं ऐकलं नाही.

रोज दोनदा रडणारा हा माणूस, पण त्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पायातली चप्पल त्यानं काढली, आणि तिच्यासमोर फरशीवर बसला. खाली रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत राहिला.

“मला वाटायचं, तुला काही झालंच नाही,” तो म्हणाला.

“मलाही तसंच वाटतं,” सुमती म्हणाली. “म्हणून फार भीती वाटते हो मला.”

कमलाकरनं मान वर केली. तिनं ते शब्द डाळ-तांदळाचा भाव सांगावा तसेच उच्चारले होते, तोंडावरची एक रेषा हलली नव्हती. पण मिताली गेल्यापासून आपल्याला काहीतरी वाटतं असं ती पहिल्यांदा म्हणाली होती, आणि ते त्यानं ऐकलं. तिच्या पायांत अजून चपला होत्या. त्यानं त्या एकेक करून काढल्या. मग उठला, दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.